नेपोलियनचे पांढरे पट्टे

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब टाकून बसवल्यामुळे मला हातातलं पुस्तक मिटावं लागलं. शेजारच्या बाकावर बिडकीनचं एक वयस्कर जोडपं होतं. त्यांचं बोलणं ऐकू नये असं वाटत होतं, पण उठून दुसरीकडे बसायचा धीर झाला नाही.

"उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, अन् रविवारी शेजारच्या ऋतुराजकडं टेबलावर खेळण्यातल्या शिपायांची लढाई. नेपोलियनचे बारा शिपाई रंगवायचे राहिले, साळू."

"बोटाच्या पेराएवढे तर हायेत. मी रंगवते."

"तू? अगं, निळ्या कोटावर केसाएवढे पांढरे पट्टे काढायचे असतात. पापड लाटायचं काम नाय ते."

"मग मी काय करू?"

"पायाखाली माती चिकटव. बारीक चाळून, डिंक लावून."

"आपल्या शेतातली काळी चालंल?"

"चालंल की. नेपोलियनला कुठं सातबारा दाखवायचाय!"

"पट्टे बी काढते ना."

"नाय म्हणलं ना. मागचे चाळीस शिपाई बघून ऋतुराज काय म्हणला? काका, तुमचा हात लई बसलाय."

"ऐकलं मी. चहा देत व्हते तवा."

"मग?"

"ते पट्टे माझेच व्हते. तुमचे कोट सोडून टोपीवर चालले व्हते. दुपारी तुम्ही झोपले की वरून रंग मारून मी परत काढायचे."

"चाळीसच्या चाळीस?"

"व्हय."

"अन् हे आज सांगायलीस?"

"उद्यापास्नं तुम्हाला नीट दिसंल ना!"