राधीचं पहिलं वाक्य

दोन भाषांनी पोराचं डोकं बिघडतं असं कुणी म्हणालं, तर त्याला सरळ माझ्याकडं पाठवा.

माझं माहेर विजापूरकडचं, सासर काटेवाडी. माझ्या राधीशी मी कन्नड बोलायचे, फोनवर माझी आईही; बाकी सगळं घर मराठी. पोर अडीच वर्षांची झाली, तरी एकेका शब्दावरच अडलेली. सासूबाईंनी धसका घेतला आणि माझ्या आईला फोनच लावला. "विहीणबाई, पोरीशी कन्नड बोलू नगा. तिला कायबी सुधरंना झालंय."

आई बिचारी घाबरली. पुढच्या आठवड्यात आली ती मोडकंतोडकं मराठी पाठ करूनच. राधीला मांडीवर घेऊन म्हणाली, "बाळी, तू जेवला का?"

राधी टक लावून बघत राहिली. मग आईच्या ओठांवर हात ठेवून तिनं कन्नडमध्ये ठणकावलं, "अज्जी, सरी माताडु!"

सासूबाई दचकल्या. "काय म्हणली गं?"

"'आजी, नीट बोल' म्हणली."

आईला रडूच फुटलं. तशी राधी सासूबाईंकडं वळली, "आजी, ही रडती. पानी दे."

सासूबाई तांब्या घेऊन आल्या आणि आईच्या हातात देत म्हणाल्या, "विहीणबाई, तुमी आपली कन्नडच बोला. मराठीचं मी बघते."