लेबल काढून नेलेली चटणी

मंडळी, तुम्ही सगळे आलात, हॉल भरला. वैनीला बरं वाटलं असतं. मागे ताटकळलेल्यांनी खुर्च्या ओढून बसून घ्या. उभं राहायचं ते शेवटी. त्याबद्दलच मला बोलायचंय.

बोलणं जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही, रडून झालंय माझं. राग आलाय. शोकसभेत रागावू नये म्हणतात. पण मला आज रागावल्याशिवाय वैनीबद्दल खरं बोलता येणार नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मी शैला परब, नवव्या मजल्यावरची. गेल्या आठवड्यात गेली ती शुभांगी परब, माझी थोरली जाऊ. मी तिला वैनी म्हणायचे. खाली तळमजल्यावर, मीटरच्या खोलीशेजारी तिचा गाळा होता. तिथे ती चटणी बनवायची आणि मी तिच्या हाताखाली.

आत्ता आपले सेक्रेटरी चिंदरकर भाऊजी बोलले. छान बोलले. म्हणाले, शुभाताई म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. भाऊजी, त्या अन्नपूर्णेनं आपल्याला वाढलं काय, ते नाही सांगितलंत. एवढं बोललात, पण तो शब्द काही तोंडातून निघाला नाही. बरं, मी सांगते. बकऱ्याची तिल्ली, पुस्तकातली प्लीहा. फुप्फुस. थोडी कलेजी. मटणवाला कापून बाजूला ठेवतो आणि दुकान बंद करताना ज्यातलं बरंचसं फेकून देतो, ते. वैनी ते सकाळी ताजं आणायची. धुवायची, उकडायची, मशीनमध्ये वाळवायची, दळायची. वर लसूण, सुकं खोबरं, लाल मिरची. भाकरीबरोबर खाल्लीत ना सगळ्यांनी? मग नाव घ्यायला काय होतं?

वैनी काही हौस म्हणून यात पडली नव्हती. माटुंग्याच्या कॉलेजात तिनं जन्मभर फूड टेक्नॉलॉजी शिकवली. रिटायर झाल्यावर म्हणाली, शैला, आपल्याकडच्या पोरी बघ, जिना चढताना धापा टाकतात. अंगात रक्त नाही, ताटात प्रोटीन नाही, आणि मटणाचा भाव बघून आया पाव किलोवर घर भागवतात. आणि खरी ताकद जाते गटारात. मी म्हटलं, वैनी, पण ती घाण. तेव्हा ती माझ्यावर जी उखडली. "घाण? जनावरान जीव दिल्यान, आणि तू त्याचा अर्धा गटारात टाकतंस? घाण आपल्या डोक्यात आसा गो." त्यानंतर मी तो शब्द कधी वापरला नाही.

घाण म्हणणारे आपण कोण? हा टॉवर व्हायच्या आधीची आपली चाळ आठवा. रविवारी मटण किती खोल्यांत शिजायचं? बाकी सगळीकडे वजडी, बकऱ्याचं पोट-आतडं. माझी सासू नळावर बसून चुना लावून वजडी घासायची, आणि तिच्या शेजारी कोण बसायचं? भाऊजी, तुमची आई. गिरणीत मर मर मरून आलेली माणसं त्या रश्श्यावर पुन्हा पाळीला जायची. आपण पोरं त्याच्यावर वाढलो. तेव्हा वास नव्हता येत कुणाला. लिफ्ट आली आणि नाकं आली.

आणि वासाचं म्हणाल, तर सुकट भाजता तेव्हा कुठल्या घरात भाजताय ते खालच्या वॉचमनला कळतं. त्याची कधी नोटीस निघाली नाही.

चटणी खपली नाही असंही नाही. धडाक्यात खपली. या इमारतीत खपली, करी रोडवरून बायका येऊन घेऊन गेल्या. वैनी काटेकोर. पोटुशी बाई आली तर आधी डॉक्टरला विचारून ये, म्हणून परत पाठवायची. आणि डब्यावर लेबल. मोठ्या अक्षरात, मराठीत. बकऱ्याची तिल्ली, बकऱ्याचं फुप्फुस, सगळं. तुम्ही काय सांगायचात तिला? ताई, लेबल नसलेला डबा द्या ना. पाहुणे येतात, बरं दिसत नाही. ती म्हणायची, "नाव लपवून विकूक मी काय चरस विकतंय?" मग तुम्ही लेबलासकट घ्यायचात आणि वर जाईपर्यंत सोलून टाकायचात. लिफ्टजवळच्या कचऱ्याच्या डब्यात मी रोज ती लेबलं बघायचे. वैनीनंही बघितली. तिनं कुणाला विचारलं नाही.

भाऊजी, तुमची लेक बाळंतपणाला आली, उठवत नव्हतं तिला. डबे कुणाकडून गेले? मी स्वतः दिले तुमच्या मिसेसच्या हातात. पिशवीत खाली डबा, वर कोथिंबीर. बरं केलंत दिलंत लेकीला. पोरगी उभी राहिली, मला आनंद आहे. पण मग गाळा बंद करायची ती नोटीस कशी लिहवली तुम्हाला? "सदर व्यवसायामुळे इमारतीच्या प्रतिष्ठेला बाधा येते." प्रतिष्ठा कितव्या मजल्यावर राहते हो? तिचं रक्त तपासलंय कुणी?

लायसन्स होतं. वैनी म्हणाली, कमिटीने खाली या, मशीन बघा, स्वच्छता बघा, मग ठरवा. कुणी दोन जिने उतरलं नाही. मीटिंग झाली. याच हॉलमध्ये, याच खुर्च्या. भाऊजींनी विचारलं, गाळा चालू राहावा असं ज्यांना वाटतं त्यांनी उभं राहा. वैनी उठली नाही. आपल्याच धंद्याला आपण मत देणं तिला पटेना. मी उभी राहिले. मागे वळून बघितलं तर सगळे बसलेले. कुणी मोबाईलमध्ये, कुणी पंख्याकडे बघतंय. ज्यांच्या फ्रीजमध्ये त्या दिवशीही डबा होता, ते बसलेले. ज्यांच्या पोरांच्या प्रोटीनचे इंग्रजी नावाचे डबे टेबलावर दिसतील असे मांडलेले असतात, तेही बसलेले.

लिफ्टमध्ये वैनी मला म्हणाली, "जाऊ दे गो. लोकांका भूक घरात लागता, लाज भायर लागता." ती हसलीसुद्धा. मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

तिला हार्टचा त्रास होता. तुमच्यामुळे ती गेली असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण शेवटचं वर्ष ती रिकाम्या हातांनी खिडकीत बसून होती, ते तुमच्यामुळे. मटणवाला फोन करून विचारायचा, मॅडम, माल ठेवू का? ती म्हणायची, नको रे, टाक. हे "टाक" म्हणताना तिचं तोंड कसं व्हायचं, ते मी बघितलंय. तुम्ही नाही बघितलं.

आता ऐकते की त्या गाळ्यात पोरांसाठी जिम करायचंय, पुढच्या मीटिंगला ठरणार. चावी भाऊजींकडे आहे. मशीन अजून आत आहे, वैनीचं. मला तो गाळा पुन्हा चालू करायचाय. तीच चटणी, तेच लेबल. हे मी तिच्या फोटोसमोर सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणू नये की शैलानं मागून विषय काढला.

बस, संपवते. आता भाऊजी माईक घेतील आणि म्हणतील, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या. भाऊजी, आज ते मला सांगू द्या. आज सगळ्यांनी उभं राहायचं नाही. वैनीचा डबा ज्यांच्या घरात एकदा तरी गेला, त्यांनीच उभं राहायचं. ज्यांच्या घरात गेला नाही त्यांनी खुशाल बसून राहा, तुमच्यावर माझा काही राग नाही.

मी मोजणार नाही. मागे वळूनही बघणार नाही, एकदा बघून झालंय. मी तिच्या फोटोकडे तोंड करून डोळे मिटते. तिचे उघडे आहेत.

वैनी, बघ गो, कोण कोण उठता.