भावजींनी काढलेलं माझं तोंड

"वहिनी, हलू नका!" म्हणे! अहो, खाली स्टोव्हवर दूध ठेवलेलं, वर माळ्यावर मी स्टुलावर बसलेली, मान अवघडलेली, नाकावर माशी… आणि हलायचं नाही!

तुम्हाला सांगते, तेव्हा मी नवी सून. धाकटे दीर चित्रकलेच्या कॉलेजात. भोपळे काढायचे, सुरया काढायच्या, तोवर सगळं बरं होतं. शेवटच्या वर्षाला काय हुकूम? तर जिवंत बाई काढा! आणि मामंजींनी आधीच बजावलेलं, "घरातल्या बाईमाणसाला चित्रात बसवलंस, तर कॉलेज बंद! लाकडाच्या वखारीत बसवीन, माझ्याशेजारी!" आणि बसवलं असतं हो, बोलले की करायचे!

मग मी का बसले? अहो, पुस्तकापायी! मला अक्षर येत नाही, आणि भावजी वाचनालयातून त्या खुनाच्या कादंबऱ्या आणायचे… कव्हरवर पिस्तूल, पिस्तुलाशेजारी पाय घसरल्यासारखी एक बाई! मी म्हटलं, "भावजी, बसते, पण वाचून दाखवायचं." झालं! पुस्तक टेकवलं चित्राच्याच कडेला, एक डोळा कादंबरीवर, एक माझ्यावर, आणि हात आपला चाललाय! "डॉक्टरनं दार ढकललं… आत काळोख… वहिनी, हलू नका!… तेवढ्यात मागून एक हात…" की सुटलाच ब्रश! किंकाळी फुटली की फर्रकन तांबडा! आता सांगा, मागून हात येतोय, आणि मी हलायचं नाही?

चित्र झालं. एक डोळा कपाळावर, दुसरा कानापाशी, नाक निळं, मान तिसऱ्याच बाईची! म्हटलं, "भावजी, ही कोण?" तर म्हणे, "वहिनी, ही नवी कला आहे." कसली डोंबलाची नवी कला! कादंबरी रंगली होती, दुसरं काय!

पण मास्तर खूश! कॉलेजच्या प्रदर्शनात चित्र भिंतीवर मधोमध! आणि मामंजी म्हणाले, "चला, सगळेच बघून येऊ." भावजी तर चुन्यासारखे पांढरे. उभे राहिलो चित्रासमोर. मामंजींनी चष्मा चढवला, खालची चिठ्ठी वाचली, तीही मोठ्यानं… "वहिनी."

अहो, नाव कशाला द्यायचं मेलं! मी पदर पुढं ओढला, श्वास कोंडला… या खेपेला कुणाला सांगावं लागलं नाही, हललेच नाही! मामंजी चित्राकडे बघतात, माझ्याकडे बघतात, परत चित्राकडे…

"कुणाची रे ही वहिनी?"

"मि… मित्राची," भावजी.

"तरीच! म्हटलं, आपल्यात असलं कोण आहे!"

जीव भांड्यात पडला, तुम्हाला सांगते! खणकन आवाज कसा आला नाही, तेच नवल!

आता निघायचं… तर सासूबाई हलेनात! बघतायत, बघतायत… आणि डोळ्यांना पदर! "काय गं दशा केलीय पोरीची! डोळा इथं, नाक तिथं, मान पिरगाळलेली… नक्की सासूचा हात असणार!" आणि माझ्याकडे वळून म्हणतात, "नीट बघून घे. म्हणजे कळेल, तू किती सुखात आहेस!"

मी माझ्याच तोंडाकडे बघत म्हटलं, "हो ना, सासूबाई… बिचारी!"