आईच्या उशाशी खुर्ची

हॅलो?… हो, तमांदाच बोलतेय… मावशी, जरा जोरात बोल, तुझ्या मागे बायका गातायत… हो, कळलं. पहाटेच दादाचा फोन आला, आई गेली म्हणून… नाही गं, आता नाही रडत. सकाळपासून तेच तर केलं…

येतेय ना. आईला माती द्यायचीय आणि मी इथे ब्लँटायरला बसून राहू?… यांनी गाडी मागून आणलीय. पुढच्या सीटवर उशी घेऊन बसेन… पण मावशी, एक ऐक ना… अगं, आधी ऐक. मला चटईवर बसता यायचं नाही… हो, आईजवळसुद्धा नाही… ऑपरेशनला तीनच आठवडे झालेत. खुब्याचा सांधा नवा आहे…

सांधा हाडात चिकटवायचं सिमेंट? नाही लावलं… चिक्कूपणा कसला? डॉक्टर म्हणाले, तू चौतिशीची, सिमेंट पुढेमागे सुटू शकतं. म्हणून धातूचा दांडा नुसता ठोकून बसवलाय, मांडीच्या हाडात. आपण कुदळीच्या पात्याचं टोक लाकडी दांड्यात ठोकतो ना, तसा… हो, घट्ट आहे, पण ठोकल्याचा घट्ट. तो बाहेरून खरबरीत असतो, हाड वाढून त्याला धरतं. त्याला वेळ लागतो. तोवर आत हलत राहिला तर हाड धरतच नाही… आणि खाली बसले तर सांधाच निखळायचा. मग पुन्हा कापाकापी…

खुर्ची? तेच तर… तुम्ही सगळ्या खाली, आई खाली, आणि मी वर… नाचिसाले बाई आठवतात? आजी गेली तेव्हा तिच्या उशाशी खुर्चीवर बसल्या होत्या. आईच म्हणाली होती, मेलेल्या माणसाच्या डोक्यावर चढून बसली, हिला काय सिंहासन हवं होतं? वर्षभर पुरवलं तिनं ते… नाही मावशी, लोकांचं मला काही नाही. मला तिचं आहे. मी आपली बाहेर पुरुषांच्या खुर्च्यांत बसते, लांबूनच…

काय?… चर्चचे बाक?… दोन?… आईची शवपेटी बाकांवर ठेवणार? पण आपल्याकडे पेटी जमिनीवरच… मामा चालवून घेतील?… मामांनीच सांगितलं?… खुर्चीची उंचीही त्यांनीच मोजली?…

म्हणजे आई माझ्याहून वर… वीतभर…

नाही गं… थोडं रडू दे मावशी.

हो, कुबड्या घेतल्यात… हो, सावकाशच येऊ… मावशी, तिच्या कानात सांग, तमांदा निघाली. म्हणावं, तुझ्या खालीच बसणार आहे… ठेवते.