विभागात होते

बाबा: वाच ना पुढे. का थांबलीस?

मुलगी: तुम्ही हसताय म्हणून.

बाबा: हसत नाही, खोकला आला. वाच.

मुलगी: 'आपल्या विभागातील संशोधनाच्या वातावरणाविषयी जाणून घेण्यास मी उत्सुक आहे.'

बाबा: उत्सुक! सुट्टीच्या दिवशी दहा वाजेपर्यंत लोळते आणि म्हणे उत्सुक.

मुलगी: सगळे असंच विचारतात, बाबा. भेटीला येताना काय विचारावं ते त्यांनीच वेबसाइटवर दिलंय.

बाबा: म्हणजे प्रश्न त्यांचे, उत्तरं त्यांची. मग तू कशाला जातेस? कागद पोस्टाने पाठव.

मुलगी: हे बघा, उद्या विद्यापीठात दोन जागांसाठी बारा जणांना बोलावलंय. दिवसभर विभाग दाखवतील, जेवायला घालतील, चार गोड गोष्टी बोलतील आणि संध्याकाळी ठरवतील पीएचडीला कोणाला घ्यायचं. मला नाही घेतलं, तर मी परत शाळेत, आठवीच्या पोरांना लिटमस दाखवत. सहा वर्षं तेच करतेय. मदत करायची असेल तर करा, नाहीतर मला कपड्यांना इस्त्री तरी करू द्या.

बाबा: मदतच करतोय बाई. एकतीस वर्षं कॉलेजात लॅब अटेंडंट होतो मी. हे भेटीचे दिवस मी आतून बघितलेत. आदल्या दिवशी आमचे हेड मला बोलवायचे. 'ते बंद मशीन आहे ना, त्यावर पाटी लाव: प्रयोग चालू आहे, हात लावू नये.' मी लावायचो. चार वर्षं प्रयोग चालू होता त्या मशीनवर. वीज न लावता!

मुलगी: काहीतरीच!

बाबा: काहीतरीच काय? मुलांना इस्त्रीचे पांढरे कोट वाटायचे, पाहुणे गेले की परत काढून घ्यायचे. सकाळी ज्याला सगळ्यांसमोर गाढव म्हटलं, त्याच्या खांद्यावर दुपारी हात ठेवून 'आमचं इथे सगळं कुटुंबासारखं आहे.' तो पोरगा असा हसायचा, जसं काही दाढ उपटल्यावर फोटो काढतोय.

मुलगी: आणि तुम्ही?

बाबा: मी स्टोअरमध्ये. पाहुणे जाईपर्यंत बाहेर यायचं नाही, असा हुकूम. ते असू दे. तू लिही. एक, बेसिन बघ.

मुलगी: बेसिन?

बाबा: काचसामान कोण धुतं ते विचार. आपापलं धुवायची रीत असेल तर बरं. एकाच पोराच्या गळ्यात सगळं धुणं असेल, तर समज की तिथे राबणारा एक आणि पेपरवर नाव दुसऱ्याचं. दोन, मशीनजवळ वही असते. कोणी कधी वापरलं ते लिहायची. शेवटची नोंद बघ. मशीन चकचकीत आणि नोंद दोन वर्षांपूर्वीची, तर ते मशीन म्हणजे शोकेसमधली बाहुली.

मुलगी: वही उघडून बघितलेली आवडेल का त्यांना?

बाबा: न आवडायला त्यात काय त्यांची प्रेमपत्रं आहेत? आणि तीन. तिथला सगळ्यात जुना विद्यार्थी शोध, त्याला एकटं गाठ आणि विचार, किती वर्षं झाली. तोंडाने चार सांगेल. तू चेहऱ्याकडे बघ, सात दिसतील.

मुलगी: लिहिलं. आता माझी तयारी घ्या. तुम्ही प्रोफेसर व्हा आणि मला प्रश्न विचारा.

बाबा: मी?

मुलगी: त्यांच्या नकला करून आईला हसवता ना रोज? करा की मग. बसा इथे.

बाबा: हं. या, या. अं... काय बरं आपलं... आपला अर्ज मी, अं, वरवर पाहिलाय.

मुलगी: बाबा, बसून. सर बसलेले असतात.

बाबा: असू दे, मी उभाच बरा.

मुलगी: गुडघे दुखतात म्हणून सकाळपासून कुरकुर चाललीय आणि आता उभाच बरा? बसा!

बाबा: अगं, प्रोफेसरची खुर्ची म्हटली की बसवत नाही. ते बसायचे, आम्ही उभे राहायचो. आता अंगाला वळणच तसं पडलंय. चल, विचारतो. तर, अं, तुम्ही शाळेत शिकवता. मग आता संशोधन कशाला? शिकवायचा कंटाळा आला?

मुलगी: नाही सर. आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्यात... म्हणजे शाळेजवळच्या विहिरीच्या पाण्यात मी मुलांबरोबर तीन वर्षं क्षार मोजले. दर उन्हाळ्यात ते वाढतात. का वाढतात ते शाळेच्या सामानात कळत नाही. मला ते समजून घ्यायचंय.

बाबा: हे बोल! हे त्या कागदावर का नाही? तिथे सगळं 'उत्सुक' आणि 'आवडेल'.

मुलगी: नकलेतून बाहेर येऊ नका. पुढचं.

बाबा: बरं, बरं. घरी कोण कोण असतं?

मुलगी: आई आहे, वडील आहेत.

बाबा: वडील काय करतात?

मुलगी: वडील एका कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात होते. आता निवृत्त आहेत.

बाबा: विभागात होते.

मुलगी: हो सर.

बाबा: विभागात काय होते?

मुलगी: बाबा, पुढचा प्रश्न.

बाबा: नाही, मी प्रोफेसर आहे ना? विचारतोय. विभागात काय होते? पंखा होते? टेबल होते? स्टोअरमधलं कपाट होते?

मुलगी: एवढं काय लागलं त्यात? खोटं तर नाही ना बोलले?

बाबा: खोटं कशाला बोलशील, शिकलेली आहेस. खरं बोलायचं आणि समोरच्याने खोटं समजून घ्यायचं. हे मी त्यांच्याकडे एकतीस वर्षं बघितलं. ते आता माझ्या घरात आलं, माझ्याच पोरीच्या तोंडून. शाबास!

मुलगी: मला तुमची लाज वाटते असं वाटतंय ना तुम्हाला?

बाबा: वाटायला काय, ऐकलं ना मी.

मुलगी: मागच्या वर्षी मी खरं सांगितलं होतं.

बाबा: कुठे?

मुलगी: त्या दुसऱ्या विद्यापीठात भेटीला गेले होते ना. जेवताना प्रोफेसरांनी विचारलं, वडील काय करतात. मी सांगितलं, लॅब अटेंडंट होते. तर म्हणाले, 'अरे वा! म्हणजे आमच्या बाटल्या धुवायची सोय झाली.' सगळं टेबल हसलं.

बाबा: आणि म्हणून जागा दिली नाही त्यांनी?

मुलगी: दिली होती.

बाबा: काय?

मुलगी: पत्र आलं होतं. मीच नाही म्हणून कळवलं. तुम्हाला सांगितलं, जागा भरल्या.

बाबा: वेडबीड लागलंय का तुला? हातात आलेली जागा? एका फालतू विनोदापायी? अगं, असली माणसं तोंडाने पादतात, तिकडे लक्ष द्यायचं नसतं! वर्ष घालवलंस! मीच इकडे त्या लोकांना शिव्या घालत होतो, माझ्या पोरीला घेतलं नाही म्हणून!

मुलगी: ते हसले त्याचं मला काही नाही, बाबा.

बाबा: मग?

मुलगी: मीपण हसले.

बाबा: हं?

मुलगी: सगळे हसले तशी मीपण हसले. मान हलवून, 'हो सर' म्हणून. घरी येताना बसमध्ये सारखं तेच आठवत होतं. पाच वर्षं रोज त्यांच्यासमोर जायचं आणि ते काही बोलले की हसायचं. मला स्वतःचीच किळस आली. म्हणून या वेळी ठरवलं, तुमचं नाव त्यांच्या तोंडी जाऊच द्यायचं नाही.



बाबा: आमचे हेड म्हणायचे, 'याला ॲसिडने भाजत नाही, याची कातडी सरकारी आहे.' पाहुणे आले की हमखास.

मुलगी: तुम्ही काय म्हणायचात?

बाबा: काय म्हणणार? हसायचो. सगळ्यांत आधी मीच. एकदा हात खरंच भाजला होता, पट्टी बांधलेली होती, तरी हसलो. नोकरी होती, तू होतीस, तुझी शाळा होती. नंतर नंतर तर ते बोलायच्या आधीच हसू यायचं.

मुलगी: हे कधी सांगितलं नाहीत.

बाबा: घरी नकला करून दाखवायचो ना, त्यात हा भाग गाळायचो.

मुलगी: मग उद्या काय सांगू?

बाबा: लॅब अटेंडंट होते, एकतीस वर्षं, असं सांग. विभागात होते बिभागात होते काही नको. हसले तर हसू देत, तू हसायचं नाहीस. आपल्या घरातर्फे जेवढं हसायचं तेवढं माझं हसून झालंय.

मुलगी: आणि त्यामुळे जागा गेली तर?

बाबा: तर आठवीच्या पोरांना लिटमस दाखव. मी काही बोलणार नाही. थोडं बोलेन. घे, पुन्हा करू. वडील काय करतात?

मुलगी: लॅब अटेंडंट होते, सर. एकतीस वर्षं.

बाबा: अरे वा! म्हणजे आमच्या बाटल्या धुवायची सोय झाली! हा हा हा... हा हा...

मुलगी: ...

बाबा: हा हा... हं.

मुलगी: ...

बाबा: बरं. तर त्या विहिरीच्या पाण्याचं काय म्हणत होता तुम्ही?