तुलनेसाठी बोलावलेली पाठ

...आणि बोलावलं कशासाठी, तर तुलनेसाठी! तुम्हाला सांगते, बारा वर्षं पाठीत दोन सळ्या नि वीस स्क्रू वागवतेय मी, कधी कुणी विचारलं नाही की बाई, बसतेस कशी, झोपतेस कशी... आणि आता त्याच कोइमतूरच्या हॉस्पिटलातून गोड आवाजात फोन, "कोदै, तुझ्या बहिणीचं दोरीचं ऑपरेशन कितपत यशस्वी झालं ते तपासतोय आम्ही. तूही ये ना, तुलनेसाठी."

म्हणजे बघा, कणा वाकडा आम्हा दोघींचा, आई एक, घर एक, पण मी चौदाची होते तेव्हा सळ्याच मिळायच्या, आणि आठ वर्षांनी आमच्या याळिनीची पाळी आली तोवर दोरी निघाली होती! मणक्यांत स्क्रू, त्यांतून दोरी ताणून घ्यायची, मुलगी वाढेल तसा कणा सरळ होतो आणि वर वाकताही येतं. वाकताही येतं, कळलं का? मार्गळीच्या थंडीत महिनाभर अख्खी गल्ली पहाटे दारात पिठाची रांगोळी, आमचं कोलम, काढते, उभ्यानं, कमरेतून वाकून. ही मोर काढते. मी पिठाचा डबा धरून खांबासारखी उभी. त्यात शेजारच्या पंकजम मामी, "धाकटी काय लवचीक गं तुझी!" जळू नको तर काय करू?

तर गेले. तुलनेसाठी. डॉक्टर इळंगोवन म्हणाले, वाका. याळिनीनं फटकन तळवे जमिनीला टेकवले. माझी बोटं गुडघ्यांशीच अडली, आणि तिथल्या शिकाऊ डॉक्टरनं ते लिहूनसुद्धा घेतलं मेल्यानं! मग एक्स-रे लावले. माझा कणा, सांगते काय, सुतासारखा सरळ! पण तिच्या फिल्मपाशी डॉक्टर थबकले. दोरी मधेच तुटली होती. वळण वाढलं तर सळ्याच घालाव्या लागतील, म्हणाले.

खरं सांगू? पहिल्यांदा बरं वाटलं मला. हो, वाटलं! म्हटलं, ये, आता तूही ये सळ्यांत. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

मग दोघींना कागद दिले, बावीस प्रश्न. शेवटचा कुठला? 'पुन्हा हेच ऑपरेशन करून घ्याल का?' अहो, बारा वर्षं मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होते! 'मेले तरी नाही' असं ठसठशीत लिहायचं म्हणून पेन टेकवलं... तर शेजारी ही. हिचा कागद कोरा, डोळे माझ्या पेनावर. हळूच म्हणते, "अक्का, सळ्यांचा फार त्रास होतो का गं?"

आता काय लिहिणार मी? तुम्हीच सांगा! लिहिलं, 'होय, आनंदाने.' ती बघत होती म्हणून खाली दोन रेघाही ओढल्या.

परवा त्या कागदांवरून त्यांचा तक्ता तयार झाला. दोरीवाल्या, सळ्यावाल्या, सगळ्या मुलींत सर्वांत समाधानी पेशंट कोण म्हणून विचारता... मी!