शहापूरनंतरचं नाव

वहिनी, मोहाडीकर मंडळी, दामोदरभाऊंसाठी दोन शब्द बोलायला उभा आहे. मी कोंढ्याच्या वायरलेस सेटवर बसतो. दामोदरभाऊ इथल्या सेटवर बसायचे. पुरात ट्रंक कॉल लागत नसे, तेव्हा नदीच्या पाण्याची खबर आम्हा दोघांच्याच तोंडून जायची. मी त्यांना आवाजानं ओळखायचो. आज पहिल्यांदा त्यांचं घर पाहिलं, आणि ते घरात नाहीत.

मंडळी, वायरलेसवर आवाज एकसारखा येत नाही. हवा बदलते, आवाज बुडतो, पुन्हा वर येतो. म्हणून भाऊंचा एक नेम होता. बोलणाऱ्यानं निरोपाआधी चार गावांची नावं ठरलेल्या क्रमानं म्हणायची. मोहाडी, भंडारा, शहापूर, कोंढा. मग निरोप. मधेच हवा बदलली की पुन्हा चारही गावं. एकदा मी चिडलो. म्हटलं, भाऊ, इथं पाणी चढून राहिलं, अन् तुम्ही गावं काय म्हणायला लावता? ते शांतपणे म्हणाले, "गावाइचे नावं मले माहीत आहेत, बापू. माहीत असलेलं कसं बिघडून येते ते पाहू दे, मंग माहीत नसलेला आकडा बरोबर ओळखतो."

त्यांनी घेतलेला पाण्याचा आकडा कधी चुकला? तुम्हीच सांगा.

परवा दुपारी चांगलं ऊन होतं. निरोप त्यांच्याकडून यायचा होता. भाऊ म्हणाले, मोहाडी. भंडारा. शहापूर. आणि आवाज थांबला.

मला वाटलं, हवा. दुसरं काय वाटणार? मी थांबलो. येईल वर, नेहमी येतो. पण मंडळी, आवाज बुडतो तेव्हा सेटवर खरखर वाढते. परवा खरखर नव्हती. माईकचं बटन भाऊंच्या मुठीत दाबलेलंच होतं, आणि हवा इतकी साफ, की त्यांच्या खोलीतला पंखा मला कोंढ्यात ऐकू येत होता. मी तो पंखा ऐकत बसलो. भाऊंची वाट पाहत बसलो. मग दुसराच आवाज आला, "भाऊ पडले जी."

अजून खरं वाटत नाही. असा कसा जातो माणूस, बोलता बोलता?

वहिनी, राहिलेलं नाव माझ्या गावाचं आहे. तेवढं मी म्हणतो, आणि मग आपण सारे उभे राहून दोन मिनिटं गप्प राहू.

भाऊ, कोंढा.